प्रकल्प छान झाला, पण प्रत्येक मूल शिकलं का?

ओंजळ

नमस्कार. मी तिसरीला शिकवते, वर्गात ३४ मुलं आहेत. गेली दोन वर्षं आम्ही वर्षातून तीन मोठे प्रकल्प घेतो. धड्यामागून धडा न उरकता एकच प्रश्न चार-पाच आठवडे धरून ठेवायचा आणि भाषा, गणित, परिसर अभ्यास त्याच्याभोवती गुंफायचं. माझा या पद्धतीवर विश्वास आहे हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला हे बंद करायचंय.

यंदाचा पहिला प्रकल्प पाण्यावर झाला. प्रश्न मुलांचाच. हात धुण्याच्या जागेवरच्या एका नळाला सतत बारीक धार असते. एकाने विचारलं, "दिवसभरात यातून किती पाणी जातं?" आम्ही खाली मोजपात्र धरलं. १० मिनिटांत २०० मिली. म्हणजे तासाला १२०० मिली. दिवसाचे तास २४, असं मी म्हटलं आणि वर्गात वाद पेटला. निम्म्या मुलांचं म्हणणं, रात्री शाळा बंद असते, मग नळही बंदच असणार ना! मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी ५ वाजता नळाखाली १५ लिटरची बादली ठेवली. सकाळी ८ वाजता बघतो तर बादली भरून वाहतेय. नळ रात्रीही गळतो हे कळलं, पण किती गळला ते कळलंच नाही. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "१५ तासांचे १८ लिटर होतात. बादली पुरणारच नव्हती. आपण आधी गुणाकार करायला हवा होता." त्या वाक्याने मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

पुढे पाइपांचा नकाशा, टाकीची मापं, मुख्याध्यापिकांना पत्र, सगळं रीतसर झालं. पाचव्या आठवड्यात पालकांसमोर मांडणी केली. सगळ्यांनी कौतुक केलं.

त्याच दिवशी एका पालकांनी एका मुलीला मोजपात्र दाखवून सहज विचारलं, "यात किती पाणी आहे गं?" पाणी २०० च्या वर तिसऱ्या रेघेवर होतं. प्रत्येक रेघ १० मिलीची. ती म्हणाली, "२०३." अगदी आत्मविश्वासाने.

ही मुलगी पाच आठवडे मन लावून काम करत होती. नकाशा सगळा तिने रंगवलाय, अप्रतिम रंगवलाय. पण मोजायचं काम तिच्या गटात दुसऱ्याच दोघांनी केलं आणि ते माझ्या नजरेतून निसटलं. मला रात्रभर झोप लागली नाही. आणखी किती जणांचं असं झालं असेल?

तर प्रश्न असा: प्रकल्प गटाचा असतो, शिकणं एकेकाचं असतं. कोण काय शिकलं हे प्रकल्प चालू असतानाच कसं ओळखायचं? ज्यांनी वर्गात हे केलंय किंवा ज्यांची मुलं अशा वर्गात आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

चिमणचारा

रात्री शाळा बंद म्हणजे नळ बंद! किती गोड. आणि किती तर्कशुद्धही.

दोन_लेकरांचा_बाबा

ताई, तुमचा प्रकल्प निदान वर्गात तरी झाला. आमच्याकडे प्रकल्प म्हणजे रात्री साडेनऊला लेकरू झोपायच्या आधी सांगतं, "बाबा, उद्या ज्वालामुखी न्यायचाय." मग मी थर्माकोल कापतो, आई रंग देते, लेकरू झोपतं. सकाळी ते मॉडेल सांभाळत शाळेत जातं आणि त्याला शेरा मिळतो "उत्कृष्ट". तो शेरा माझा आहे आणि तो बघून मला वाईट वाटतं. माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुम्ही केलेलं चांगलं दिसतं, मी केलेलं का नाही नेत?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शाळांनी एकच नियम करावा: प्रकल्पाचं काहीही घरी जाणार नाही. वाकडंतिकडं झालं तरी वर्गात, मुलांच्या हातून.

जुनी_पाटी

मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं. थोडं कडू लिहितो, ताईंनी राग मानू नये.

ती "२०३" म्हणणारी मुलगी अपवाद नाही. असं होणं अटळ आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी मावतात. मोजपात्र धरायचं, घड्याळ बघायचं, शेजारचा काय बोलतोय ते ऐकायचं, आपण कुठल्या गटात आहोत ते लक्षात ठेवायचं, आणि या सगळ्या गडबडीत दोन मोठ्या रेघांच्या मधल्या लहान रेघांचा अर्थही स्वतःच शोधायचा? ज्याला तो आधीच माहीत आहे तो वाचतो. ज्याला माहीत नाही तो रंगाचा ब्रश उचलतो. ती मुलगी आळशी नव्हती, शहाणी होती. जे जमतं ते तिने घेतलं.

किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा २००६ चा निबंध याच मुद्द्यावर आहे. नवशिक्याला मोकळं सोडून "शोध" म्हटलं की त्याची सगळी शक्ती शोधाशोधीत जाते, शिकायला उरत नाही. आधी करून दाखवलेली उदाहरणं, मग सराव, मग मोकळीक.

माझं मत स्पष्ट आहे. वाचन, लेखन, पाढे, मोजमाप हे थेट शिकवायचं, रोज. प्रकल्प शुक्रवारी, ज्यांचं हे झालंय त्यांच्यासाठी.

रानवाट

पाटीसर, पहिले दोन परिच्छेद मान्य, शेवटचा अजिबात नाही. "ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी" म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याने शुक्रवारीही बाराखडीच घोटायची? वाचायचं कशासाठी हे ज्याला कधी कळलंच नाही, नेमकं त्याच्याच हातून आपण ते कारण काढून घेतो.

निळीशाई

थोडा इतिहास सांगते, कारण "मोकळं सोडणं" आणि "प्रकल्प" हे एकच आहे असा समज इथे होतोय.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. शाळेसाठी बाकं घ्यायला ते दुकानोदुकानी हिंडले, तेव्हा एका विक्रेत्याने त्यांना सांगितलं की तुम्हाला मुलांनी काम करायची बाकं हवीत, आमच्याकडची सगळी ऐकायची आहेत. इतक्या वर्षांनी आजही बहुतेक वर्गांतली बाकं ऐकायचीच आहेत, नाही का?

त्या शाळेत मुलांच्या हातात लोकर आणि कापसाची बोंडं दिली होती. एका गटाने ३० मिनिटं खपून बोंडातून सरकीपासून कापूस सोडवला, तो एक औंसही भरला नाही, म्हणजे २८ ग्रॅमपेक्षा कमी. तिथून मुलं प्रश्नाला भिडली की जुन्या काळी लोक सुतीपेक्षा लोकरी कपडे जास्त का वापरत असतील. मग सरकी काढायचं यंत्र आलं तेव्हा काय बदललं असेल. आता बघा, कापूस आणि लोकर शेजारी शेजारी कुणी ठेवली? शिक्षकांनी. अर्धा तासच का? शिक्षकांनी ठरवलं. मुलांना वाटतं आपण शोधलं, आणि ते खरंही आहे, पण वाट आखलेली होती.

"प्रोजेक्ट मेथड" हा शब्द गाजला तो किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या १९१८ च्या निबंधामुळे. त्यांनी मुलाच्या मनापासूनच्या हेतूवर सगळा भर दिला. पुढे लोकांनी त्याचा अर्थ "मुलाला वाटेल ते" असा घेतला. खुद्द ड्यूईंनी १९३८ मध्ये लिहून ठेवलंय की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढचं शिकणं अडवतात. पाटीसर, तुमच्या आक्षेपाचा मोठा भाग त्यांना मान्य झाला असता.

आणि २००६ च्या त्या निबंधाला २००७ मध्ये त्याच नियतकालिकात ह्मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिलंय. त्यांचा मुद्दा हाच, की नीट आखलेल्या प्रकल्पात मार्गदर्शन कमी नसतं, उलट भरपूर असतं. ते फक्त गरज पडते त्या क्षणी येतं.

जुनी_पाटी

निळीशाई, "नीट आखलेल्या" या दोन शब्दांत सगळं आलं. पाच समांतर वर्ग, प्रत्येकात चाळीस मुलं, शिक्षकाला जनगणनेपासून सगळी कामं. कोण आखणार?

निळीशाई

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण मग तो वेळेचा प्रश्न झाला. पद्धत चुकीची आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

अर्धविराम

मी पालकही नाही, शिक्षकही नाही. मी अशा वर्गात शिकलेला विद्यार्थी आहे, आता चाळिशीला आलोय.

दुसरी ते चौथी मी एका छोट्या शाळेत होतो. चौथीत आम्ही वर्षभर एक झाड घेतलं होतं. दर सोमवारी त्याची नोंद. पानं किती, किडे कुठले, साल कशी, सावली केवढी. मला आजही त्या झाडाच्या खोडावरची गाठ आठवते. पुढे नोकरीत मी जे काही चांगलं करतो, म्हणजे न कंटाळता नोंदी ठेवणं आणि त्यांत काही बदललं तर चटकन लक्षात येणं, ते तिथून आलंय असं मला ठाम वाटतं.

पण पाचवीत शाळा बदलली. नव्या वर्गात बाईंनी सात आठे विचारलं आणि मी उभा राहून सात-सात मिळवत बसलो. वर्ग हसला. पुढचं अख्खं वर्ष मला गणिताच्या तासाला पोटात दुखायचं. आईने उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी पाढे म्हणून घेतले, दोन महिन्यांत प्रश्न संपला. फक्त दोन महिन्यांचं काम होतं हो! ते जुन्या शाळेत कुणी रोज पंधरा मिनिटं करून घेतलं असतं तर झाडही राहिलं असतं आणि ते वर्षही वाचलं असतं.

म्हणून या दोन गोष्टींत भांडण लावू नका, अशी विनंती.

चिमणचारा

"झाडही राहिलं असतं" वाचून डोळे भरले.

गुणाकार

ओंजळताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी चौथीला शिकवतो, मीही याच खड्ड्यात पडलो होतो. माझ्या वर्गात जे टिकलंय ते सांगतो.

सगळ्यात आधी मी कामांचे दोन भाग केले. काही कामं वाटून घ्यायची, काही प्रत्येकाने करायचीच. नकाशा रंगवणं, मथळे लिहिणं, सामान आणणं वाटून. मोजणं, नोंदणं आणि "मला काय वाटतं, का वाटतं" हे लिहिणं प्रत्येकाने, आपापल्या वहीत. गटाला एकच तक्ता दिला की एकच मूल लिहितं आणि बाकीचे मान डोलावतात. वही प्रत्येकाची वेगळी केली की डोलावता येत नाही.

दुसरं म्हणजे चिठ्ठी. तास संपायच्या आधी पाच मिनिटं एकच प्रश्न फळ्यावर. त्या दिवसाचा अगदी नेमका. उदाहरणार्थ, मोजपात्राचं चित्र आणि "किती?" एवढंच. चाळीस चिठ्ठ्या चाळायला मला दहा मिनिटं लागतात. तीन ढीग होतात: जमलं, अर्धवट, नाही. तिसऱ्या ढिगातली पाच-सहा मुलं दुसऱ्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं माझ्यासोबत चटईवर. तिथे मी पाटीसरांसारखं थेट शिकवतो, करून दाखवतो, करून घेतो. त्या वेळात बाकीचे प्रकल्प पुढे नेतात.

तुमची "२०३" मला पहिल्या आठवड्यातल्या चिठ्ठीतच दिसली असती. माझी हुशारी त्यात काहीच नाही, चिठ्ठीच तसं दाखवून देते.

ओंजळ

गुणाकारसर, मनापासून आभार. मी निरीक्षणाच्या नोंदी ठेवत होते, पण जी मुलं बोलतात त्यांच्याच नोंदी जास्त होत्या. आज वही काढून मोजलं. ३४ पैकी ११ मुलांबद्दल पाच आठवड्यांत माझ्याकडे एकही ओळ नाही. त्या अकरांत ती मुलगी आहे.

कुतूहल

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा गडबडीत मिटून जातो. पाच जणांच्या गटात सगळे एकदम बोलायला लागले की तो कानावर हात ठेवतो. त्याच्या वर्गात प्रकल्प सुरू झाले तेव्हा महिनाभर तो शाळेत जायला रडायचा. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना वाटायचं की त्याला "मिसळायला" शिकवलं पाहिजे.

मग एका नव्या शिक्षिकेने त्याला विचारलं, तुला काय बरं वाटेल? तो म्हणाला, दोघंच. तेव्हापासून त्याचा गट दोघांचा. दोघांत तो भरभरून बोलतो. आणि वर्गात एक कोपरा ठरवला, तिथे कुणी बसलं की त्याच्याशी बोलायचं नाही, मग तो कुणीही असो. गंमत म्हणजे वर्गातली सगळ्यात बडबडी मुलंही मधूनमधून तिथे जाऊन बसायला लागली.

प्रकल्प म्हणजे सतत पाच जणांचा कल्लोळ, असं कुठे लिहिलंय?

रानवाट

कुतूहल, अगदी. मी तर म्हणेन की पहिलीच्या मुलांना दोनपेक्षा जास्त जणांत काम द्यायचंच नाही. त्यांना अजून वाट बघणंच जमत नसतं.

माझ्या अनुभवात उलटंही घडलंय. माझ्या वर्गात एक मुलगा वाचनात खूप मागे होता. पुस्तक उघडलं की त्याची मान खाली. आम्ही मुंग्यांवर काम करत होतो आणि त्याला मुंग्यांची वाट शोधायचा नाद लागला. मुंग्या वास धरून चालतात हे त्याला कुठूनतरी कळलं, मग त्याने वाटेवर ओलं बोट फिरवून बघितलं. मुंग्या थबकल्या, भरकटल्या, पुन्हा वाट सापडली. हे सगळं त्याला लिहायचं होतं आणि लिहिता येत नव्हतं. त्याने माझ्या मागे लागून लागून लिहिलं. सहा ओळी. त्यातल्या "भरकटल्या" या शब्दासाठी तो तीनदा माझ्याकडे आला, कारण त्याला "गेल्या" चालणार नव्हतं.

दोन_लेकरांचा_बाबा

"गेल्या चालणार नव्हतं." वा!

बरं, एक शंका. त्या सहा ओळींत चुका असतीलच. ते भिंतीवर लावताना तुम्ही दुरुस्त करून लावता का? आमच्या शाळेत भिंतीवरचं सगळं बाईंच्या सुंदर अक्षरात असतं. मुलांचं काहीच दिसत नाही.

रानवाट

मी जसंच्या तसं लावते. ते त्याचं आहे.

जुनी_पाटी

आणि मग चाळीस मुलं रोज तो चुकीचा शब्द वाचतात आणि तोच बरोबर समजतात. ऱ्हस्व-दीर्घाचं आधीच काय झालंय ते बघताय ना? भिंतीवर चूक नको.

निळीशाई

मधला मार्ग आहे, तो मी वापरते. भिंतीवर जायच्या आधी प्रत्येक लिखाणाचे किमान तीन खर्डे. पहिल्यावर मी शुद्धलेखनाला हात लावत नाही, फक्त विचारते, "मुंग्या थबकल्या म्हणजे काय केलं त्यांनी? मला दिसलं पाहिजे." दुसरा खर्डा शेजारचा मित्र वाचतो आणि एक आवडलेली, एक न कळलेली गोष्ट सांगतो. तिसऱ्याला आम्ही दोघं मिळून शब्द दुरुस्त करतो, पण लिहितं मूलच. मग भिंतीवर तिन्ही खर्डे एकाखाली एक. येणाऱ्याला दिसतं की हे कसं घडलं. पालक सगळ्यात जास्त वेळ त्या भिंतीपुढे थांबतात.

मूल आपलंच वाक्य सुधारताना बघणं, यासाठी मी या कामात आहे.

जुनी_पाटी

हे मला पटलं. तीन खर्डे ही खरी मेहनत आहे.

अर्धविराम

विषय थोडा बाजूला जाईल, पण आपण हे सगळं शिकागोचं म्हणून का सांगतोय? १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हाच विचार घेऊन, की हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी आणायचं आणि त्यातून गणित, भाषा, भूगोल काढायचा. आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली, मुलं गुरं चारायला जातात तर शाळाच कुरणात न्यायची. याहून मोठा प्रयोग कुठला हवा?

निळीशाई

बरोबर आहे, माझ्याकडूनच हे राहून गेलं. कुरणशाळेतली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही, की मुलाचं जगणं जिथे आहे तिथून सुरुवात केली. ओंजळताईंचा गळका नळही तसाच. तो पुस्तकातून आलेला नाही, मुलं रोज तिथे हात धुतात.

तरी नई तालीममधून एक सावधगिरीही घ्यायला हवी. चरखा मध्यभागी ठेवला की नुसतंच सूत निघायची भीती असते, त्यातलं गणित शिक्षकाने जाणीवपूर्वक बाहेर काढलं तरच निघतं. आपल्या चकचकीत मांडण्यांचंही तेच.

गुणाकार

पुराव्याचं कुणी बोललं नाही म्हणून एक ठोस उदाहरण देतो. मिशिगनमध्ये नेल ड्यूक, हाल्वर्सन आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या २० शाळांत दुसरीच्या वर्गांवर अभ्यास केला. त्याच शाळेतल्या कुठल्या शिक्षकांनी प्रकल्प घ्यायचे आणि कुठल्यांनी नेहमीचं शिकवायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. चार प्रकल्प, प्रत्येकाच्या २० तासिका. प्रकल्पवाल्या मुलांची सामाजिक शास्त्रात आणि माहितीपर मजकूर वाचण्यात जास्त प्रगती झाली. लेखनात मात्र ठळक फरक दिसला नाही.

मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, शिक्षकांना प्रत्येक तासाची आखणी तयार करून दिली होती, आणि ज्यांनी ती जास्त काटेकोर पाळली त्यांच्या मुलांची प्रगती जास्त दिसली. म्हणजे पाटीसरांच्या "कोण आखणार" ला एक उत्तर आहे: प्रत्येक शिक्षकाने एकट्याने रात्री जागून आखायची गरज नाही, चांगली आखणी वाटून घेता येते. दुसरी, लेखन. ते प्रकल्पातून आपोआप येत नाही. निळीशाईंच्या तीन खर्ड्यांना म्हणूनच किंमत आहे.

जुनी_पाटी

आखणी काटेकोर पाळल्यावर जास्त शिकले! मग आपण इतका वेळ वाद कशावर घालत होतो?

रानवाट

सर, शुक्रवारवर. मी अजून विसरले नाही.

जुनी_पाटी

ठीक आहे. शुक्रवार मागे घेतो. पण रोजची वीस मिनिटं वाचन आणि वीस मिनिटं अंकगणित, प्रकल्प असो वा नसो, ही अट सोडणार नाही. अर्धविराम यांचं पोटात दुखणं मी माझ्या वर्गात इतक्यांदा पाहिलंय, की त्यावर तडजोड करवत नाही.

अर्धविराम

सर, त्या अटीवर माझी सही घ्या.

कुतूहल

माझीही.

ओंजळ

जवळजवळ सात आठवड्यांनी परत लिहितेय. मधे दुसरा प्रकल्प सुरू झाला. मैदानात दुपारच्या सुट्टीत सावलीसाठी मुलांची भांडणं होतात, त्यातूनच प्रश्न निघाला: सावली कुठे आणि किती वेळ असते? आम्ही मैदानात काठी रोवली आणि तिच्या सावलीची लांबी ठरावीक वेळी मोजतो.

इथे वाचून केलेले बदल सांगते. प्रत्येक मुलाची वेगळी नोंदवही. मोजणं प्रत्येकाचं, रंगवणं वाटून. आठवड्यातून तीनदा चिठ्ठी (रोज जमत नाही, प्रामाणिकपणे सांगते). पट्टीवर शून्यापासून मोजायचं की पट्टीच्या टोकापासून, हे पहिल्या चिठ्ठीत नऊ मुलांचं चुकलेलं निघालं. नऊ! दुसऱ्या दिवशी त्यांना चटईवर घेऊन थेट शिकवलं. पंधरा मिनिटांत सात जणांचं झालं, दोघांना आणखी दोन दिवस लागले. सकाळी पहिला वेळ वाचन आणि अंकगणिताचा. आणि माझ्या निरीक्षणवहीत ३४ नावं आधीच लिहून ठेवलीत, नावापुढची जागा रिकामी दिसली की त्या मुलाकडे जायचं.

आता तिच्याबद्दल. पहिल्या प्रकल्पानंतर मी तिला घेऊन बसले, मोजपात्र आणि पाणी घेऊन. दोन मोठ्या रेघांमधलं अंतर किती, मधे घरं किती, मग एक घर केवढं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः सांगितलं, "म्हणजे रेघ मोजायची नाही, रेघ केवढ्याची ते आधी विचारायचं." हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय, तिच्या नावासकट.

सावलीच्या नोंदी तिच्या वहीत सगळ्यात नेटक्या आहेत. तिने बाजूला प्रत्येक वेळची सावली रंगवलीय, ते ती सोडणार नाहीच आणि तिने सोडावं असं मलाही वाटत नाही. काल तिने विचारलं, "बाई, दुपारी सावली रोज लहान होते, पण संपत का नाही? शून्य कधी होते?"

मी अजून काही बोलले नाही. काय करू?

गुणाकार

काय प्रश्न आहे! याचं उत्तर तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात त्यावर अवलंबून आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या जागी वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. या दोन वृत्तांच्या बाहेर ते कधीच होत नाही, कितीही दिवस मोजलं तरी.

रानवाट

सांगू नका! तिला मोजू द्या.

निळीशाई

मीही हेच म्हणेन, पण थोडी मदत करून. वर्गाची एक लांब पट्टी भिंतीवर लावा, रोजची सगळ्यात लहान सावली त्यावर एकेक रेघ. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांना दिसेल की रेघा कुठल्या दिशेने सरकतायत. मग विचारा, अशाच सरकत राहिल्या तर कुठे पोचतील?

जुनी_पाटी

सांगू नका, मान्य. पण एक गोष्ट तिला आजच शिकवा, शोधायला सोडू नका. काठी सरळ उभी आहे की नाही ते ओळंब्याने तपासायला. दोऱ्याला दगड बांधला की झाला ओळंबा. तो काठीच्या दोन बाजूंनी धरून बघायचा. काठी जराशी जरी कललेली असेल तर सावली शून्य व्हायच्या दिवशीही होणार नाही, आणि पोरगी म्हणेल माझं मोजमाप चुकलं. रोज मोजायच्या आधी ओळंबा. पहिल्या दिवशी तुम्ही धरून दाखवा, दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात द्या.

ओंजळ

सर, आज सकाळीच केलं. काठी खरंच कललेली होती. आता मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदींचं काय करायचं, यावर वर्गात चर्चा चालू आहे. निम्म्यांना त्या फाडायच्यात. ती म्हणतेय, ठेवायच्या, फक्त वर "कललेली काठी" असं लिहायचं.